सुट्टी गोळ्यांना आहे, औषधाला नाही

डॉक्टरताई,

तारकर्लीच्या अलीकडे आमची घरगुती खानावळ आहे, वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. माझं वय ४९. मासे साफ करायचे, नारळ खवायचे, वाटप काढायचं, भांडी घासायची, असे दिवसभर हात पाण्यात. दोन्ही पायांच्या अंगठ्यांची नखं चार-पाच वर्षांपासून पिवळी नि जाड झाली आहेत, खालून भुसा पडतो. गेल्या वर्षापासून उजव्या हाताच्या दोन बोटांचीही नखं बिघडली आणि कडेचं मांस सुजायला लागलं. सीझन आटोपल्यावर मेअखेर स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नखं बघून बुरशी आहे म्हणून इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल लिहून दिल्या. सकाळी २०० मिलिग्रॅम, रात्री २००, असं सात दिवस, मग तीन आठवडे काहीच नाही. हे तीन वेळा करायचं.

पहिला आठवडा पार पडला. नखात काडीचा फरक नाही. भाचा मुंबईला फार्मसी शिकतो, तो म्हणतो औषध असं मध्येच सोडलं की बुरशी त्याला सरावते. सासूबाई म्हणतात, "एवढ्यो गोळ्यो खाव नको गे, लिवर जातला." मी घाबरले. दुसरा आठवडा सुरू करायची तारीख उलटून बारा दिवस झाले, डबा कपाटात आहे. मला साखर आहे, मेटफॉर्मिन घेते. रात्री कोलेस्टेरॉलची ॲटॉर्वास्टॅटिन असते. शिवाय ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल-डॉमपेरिडोनची कॅप्सूल तीन वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी चालू आहे. हे डॉक्टरांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

दुसरा आठवडा घेऊ की नको? तीन आठवडे औषध नसताना बुरशी वाढणार नाही का? आणि मनातलं विचारते, माझ्या हातचं जेवून पाहुण्यांना हे होईल का? वाढताना हात पदराआड घेते. नेलपॉलिश लावून झाकलं तर चालेल?

– मालवण तालुक्यातली एक वाचक

ताई,

डबा आणखी चार दिवस कपाटातच राहू दे. भाच्याच्या किंवा सासूबाईंच्या सांगण्यावरून मी हे म्हणत नाही. पत्रात जाता जाता तुम्ही ज्या रोजच्या गोळ्यांची नावं लिहिलीत, त्यांतल्या दोघींशी या औषधाचं जमत नाही. त्याकडे येतेच. पण आधी त्या तीन आठवड्यांच्या सुट्टीचं बोलू, कारण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांची गाडी तिथेच अडते. सात दिवस गोळ्या घेतात, नख होतं तसंच दिसतं, मग शेजारचं कोणी काहीतरी बोलतं आणि दुसरी फेरी राहून जाते. सहा महिन्यांनी येऊन म्हणतात, त्या गोळ्यांनी गुण आला नाही.

नख ही मेलेली वस्तू आहे. मुळाशी, कातडीच्या घडीखाली, ते तयार होतं आणि तिथून पुढे ढकललं जातं. हाताचं नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर सरकतं, पायाचं त्याच्या निम्मं. बुरशी बसलेली असते नखाच्या खालच्या अंगाला, नख आणि मांस यांच्या फटीत. वरून चोपडलेलं मलम तिथवर पोचत नाही. पोटातून घेतलेलं औषध मात्र मुळातून तयार होणाऱ्या नव्या नखात मिसळतं आणि खालच्या मांसातूनही झिरपत वर येतं.

तुम्ही खारातल्या कैऱ्या घालत असालच. मिठाच्या पाण्यात कैरी मुरली की तिच्या गरात मीठ शिरतं. त्यानंतर बरणीत रोज मीठ टाकत नाही, तरी गणपतीला काढलेली कैरी खारटच लागते. इट्राकोनाझोल नखात असंच मुरतं. चरबीत विरघळणारं आणि नखातल्या केराटिनला, म्हणजे नख ज्या प्रथिनाचं बनतं त्याला, घट्ट चिकटणारं हे औषध आहे. शेवटची कॅप्सूल घेतल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ते रक्तातून जवळजवळ नाहीसं होतं, पण नखात पुढचे सहा ते नऊ महिने टिकून राहतं. म्हणजे त्या तीन आठवड्यांत सुट्टी गोळ्यांना असते, औषधाला नसते. पुढच्या महिन्यातला आठवडा आला की बरणीत मिठाची आणखी एक मूठ पडते.

भाच्याला सांगा की शंका रास्त आहे, फक्त जागा चुकली. घशाच्या किंवा लघवीच्या इन्फेक्शनला अँटिबायोटिक देतात तेव्हा औषध रक्तात किंवा लघवीत सतत असावं लागतं, मध्ये खंड पडला की जंतू डोकं वर काढतात. इथे लढाई नखात चालली आहे, आणि औषध नीट अंगी लागलं असेल तर नखातला साठा एवढ्यात संपत नाही. त्यामुळे तुमचे बारा दिवस फुकट गेले असं मी मानत नाही. कॅलेंडरवरची तारीख चुकली, एवढंच.

पण हाच हिशेब गजकर्णाला लावू नका. कातडी महिनाभरात झडून नवी येते, तिच्यात औषध नखासारखं महिनोन्महिने साठून राहत नाही. गेली काही वर्षं आपल्याकडे गजकर्ण फार चिवट झालंय, नेहमीच्या औषधांना दाद देत नाही, आणि दुकानातून आणलेल्या स्टिरॉइडच्या मिश्र मलमांनी त्यात भर घातली आहे. घरात कुणाला जांघेत किंवा कमरेला नायटा असेल तर तुमच्या डब्यातल्या चार कॅप्सूल त्याला देऊ नका. असं देणारे मी पाहिलेत, म्हणून सांगते.

आता सासूबाईंचं. त्यांची भीती खुळचट नाही. या औषधाने क्वचित यकृताला इजा होते, म्हणून सुरू करण्याआधी रक्ताची लिव्हरची तपासणी करून घेतात. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही, राहिली असेल तर आता करून घ्या. भूक मरणं, सारखी मळमळ, डोळे पिवळे, लघवी गडद, यातलं काही दिसलं तर गोळी तिथल्या तिथे थांबवून डॉक्टर गाठायचा. पण हा महिन्यातून एक आठवड्याचा प्रकार निघाला त्यामागे एक कारण लिव्हर हेच होतं. रोज २०० मिलिग्रॅमने सलग १२ आठवडे घेतलं तर १६,८०० मिलिग्रॅम औषध पोटात जातं. तीन फेऱ्यांत जातं ८,४००. बरोबर निम्मं. खर्चही तसाच उतरतो. सासूबाईंना हा हिशेब दाखवा. कोकणातल्या सासवांना हिशेब पटतो असा माझा अनुभव आहे.

आता त्या रोजच्या गोळ्या.

सगळ्यात आधी ॲसिडिटीची कॅप्सूल. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. पॅन्टोप्राझोलचं काम ते आम्ल कमी करण्याचं. तीन वर्षं रोज सकाळी तुम्ही चुलीतला विस्तव विझवताय आणि मग वर तांदूळ शिजत ठेवताय. पहिल्या आठवड्यातल्या अठ्ठावीस कॅप्सूलमधलं (१०० च्या असतील तर) बरंचसं औषध अंगी न लागताच बाहेर गेलं असण्याची दाट शक्यता आहे. दोन तासांचं अंतर ठेवून इथे भागत नाही, ते साध्या अँटासिडच्या पातळ औषधाला चालतं. पॅन्टोप्राझोलचा असर दिवसभर राहतो. ज्यांना आम्ल कमी आहे त्यांना ही कॅप्सूल कोलाबरोबर घ्यायला सांगतात, कारण कोला आंबट असतो. तुम्हाला साखर आहे, तेव्हा त्या वाटेला मी तुम्हाला पाठवणार नाही. त्यापेक्षा तीन वर्षं चाललेल्या त्या कॅप्सूलची खरंच गरज आहे का, हे एकदा विचारा. बऱ्याच जणांची ती कधीतरी पंधरा दिवसांसाठी सुरू होते आणि मग रेशनच्या धान्यासारखी दर महिन्याला घरात येत राहते.

त्याच कॅप्सूलमधलं दुसरं औषध डॉमपेरिडोन. त्याचं इट्राकोनाझोलशी वैर थेट हृदयाच्या ठोक्यांपर्यंत जातं. यकृतातल्या ज्या यंत्रणेने डॉमपेरिडोन निकालात निघतं, ती इट्राकोनाझोल रोखून धरतं. मग रक्तात डॉमपेरिडोन साचतं आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. ही दोन औषधं एकत्र द्यायचीच नसतात. ॲटॉर्वास्टॅटिनचंही तसंच, तीही साचते आणि स्नायूंना इजा करू शकते. त्या आठवड्यात मांड्या-पोटऱ्या विनाकारण दुखल्या होत्या का? लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती? चक्कर, छातीत धडधड? आठवून बघा आणि यातलं काही झालं असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. काही झालं नसेल तर छान, पण एकदा निभावलं म्हणून पुन्हा तोच खेळ नको. कोलेस्टेरॉलची गोळी त्या दिवसांपुरती थांबवता येते का, किती दिवस, की बदलायची, हे ज्यांनी ती सुरू केली त्यांनी ठरवायचं. तुम्ही नाही, आणि इथे बसून मीही नाही. मेटफॉर्मिनचं या औषधाशी भांडण नाही. साखरेच्या दुसऱ्या काही गोळ्यांवर असणाऱ्यांनी मात्र त्या आठवड्यात साखर तपासत राहावं, ती एकदम खाली येऊ शकते.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन ओळी. ज्यांचं हृदय कमजोर असल्याचं निदान झालंय त्यांनी नखासाठी इट्राकोनाझोल घ्यायचं नाही. गोळ्या चालू असताना पाय सुजले, जिना चढताना दम लागला तर थांबायचं. रक्त पातळ करण्याच्या किंवा ब्लडप्रेशरच्या गोळ्या असतील तर आधी सांगायचं. गरोदरपणात हे औषध अजिबात नाही, आणि घेणाऱ्या बाईने गोळ्या संपल्यावरही दोन महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

डॉक्टरांनी विचारलं नाही हे चुकलंच. आमच्या ओपीडीत पन्नास पेशंट बाकावर बसलेले असतात तेव्हा असं होतं, माझ्याकडूनही झालंय. म्हणून मी आता एक साधी गोष्ट सगळ्यांना सांगते. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून आणा, अर्ध्या संपलेल्याही. टेबलावर पिशवी उलटी करा. न बोलता काम होतं.

आणखी एक शंका माझ्या मनात आहे. तुमची नखं कुणी तपासली का? "बघून" औषध दिलं, असं तुम्ही लिहिलंय. बिघडलेलं प्रत्येक नख बुरशीचं नसतं, साधारण निम्मीच असतात. बाकीच्यांत सोरायसिस हा कातडीचा आजार असतो, चपलेचा किंवा बुटाचा मार असतो, वय असतं. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा एका मास्तरांना नुसतं बघून तीन फेऱ्या दिल्या होत्या. आठ महिन्यांनी ते तशाच नखांनी परत आले. मी बोटं हातात घेऊन उजेडात धरली तर नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे, आणि कानामागे खपल्यांचा एक चट्टा. सोरायसिस होता. तो चट्टा पहिल्याच दिवशीही तिथेच असणार. मास्तरांनी एका शब्दाने बोल लावला नाही, त्याचं मला अजून जास्त वाटतं.

तपासणी अगदी साधी आहे. नखाचा सुटलेला भाग कापून टाकतात आणि जिथे चांगलं नख संपून खराब सुरू होतं, तिथला भुसा ब्लेडने खरवडून कागदावर घेतात. टोकाचा भुसा घेतला तर बहुधा मेलेलीच बुरशी मिळते. तो काचेच्या पट्टीवर ठेवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, थोडं थांबून मायक्रोस्कोपखाली बघतात. बुरशी असेल तर काचेसारखे लखलखणारे धागे दिसतात, मधूनमधून पेरं असलेले, लांबून बांबूचं बेट बघावं तसे. कोणत्या जातीची बुरशी, हे कळायला कल्चर लावतात, म्हणजे भुशातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघतात, त्याला तीन-चार आठवडे लागतात. तुम्ही एक फेरी घेतली आहे, त्यामुळे बुरशी असूनही कल्चरमध्ये ती नाही असं येऊ शकतं. कापलेलं नख पॅथॉलॉजीला पाठवून रंगवून बघितलं तर मेलेले धागेही दिसतात. तुमच्यासाठी मी तेच मागेन.

ही तपासणी तुमच्या बाबतीत जास्तच गरजेची आहे, कारण मला वाटतं तुमच्या हाताचं दुखणं वेगळं आणि पायाचं वेगळं आहे. पायाच्या अंगठ्याचं जाड, पिवळं, भुसा पडणारं नख म्हणजे बहुतेक वेळा ट्रायकोफायटन नावाची बुरशी. तिची सुरुवात चिखल्यांपासून होते. लावणीत दोन आठवडे गुडघाभर चिखलात उभं राहिलेल्या, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडलेल्या पायांना मुंबईचे डॉक्टर काहीही म्हणोत, आपल्याकडे चिखल्याच म्हणतात. बेचकीतली बुरशी एखाद्या पावसाळ्यात नखाखाली शिरते. हाताच्या नखाच्या कडेला सूज असणं हा मात्र पाण्यात काम करणाऱ्या बायकांचा आजार. नख आणि मांस यांना जोडणारी पातळ कातडी भिजून सुटते, खाच पडते आणि तिथे कॅन्डिडा नावाचं यीस्ट घर करतं. कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या हातांवर हे सर्रास दिसतं.

म्हणून इट्राकोनाझोल निवडणारे तुमचे डॉक्टर चुकले असं मी म्हणणार नाही. ते दोन्हींवर चालतं. दुसरं औषध टर्बिनाफिन, रोज २५० मिलिग्रॅम, पायाच्या नखांना १२ आठवडे. ते पायाच्या बुरशीवर जास्त खंबीर आहे. १९९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सुमारे पाचशे रुग्णांवरचा एक अभ्यास आला होता. ७२ आठवड्यांनी तपासलं तेव्हा टर्बिनाफिन १२ आठवडे घेतलेल्यांपैकी शंभरात ७६ जणांच्या नखातली बुरशी गेली होती. इट्राकोनाझोलच्या तीन फेऱ्यांवाल्यांत शंभरात ३८. हा फरक लपवण्यात अर्थ नाही. टर्बिनाफिनला पोटातल्या आम्लाची गरज नाही, ॲटॉर्वास्टॅटिनशी त्याचं वाकडं नाही. पण कॅन्डिडावर ते लंगडं पडतं. आणि काही जणांची चव जाते, गोळ्या थांबवल्यावरही परत यायला आठवडे, कधी महिने लागतात. एरवी हे मी ओझरतं सांगते, पण तुमची रोजीरोटी आमटीच्या मिठावर आहे. तेव्हा डॉक्टरांसमोर ही गोष्ट नीट मांडा.

माझा कल विचाराल तर असा. तपासणीत फक्त पायाची बुरशी निघाली आणि लिव्हर-किडनी ठीक असेल तर टर्बिनाफिन, आणि हातांना कोरडं ठेवणं. हाताच्या नखात कॅन्डिडा निघालं तर इट्राकोनाझोलच्याच उरलेल्या फेऱ्या, पण ॲसिडिटीची कॅप्सूल बंद करून, कोलेस्टेरॉलच्या गोळीचा निकाल लावून. पहिली फेरी त्यात धरायची की नाही, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. मी असते तर धरली नसती.

इट्राकोनाझोल घ्यायचं ठरलं तर ते भरल्या पोटी, जेवण संपता संपता. चहा-बिस्किटावर नाही. वर सोलकढी प्यायलात तर बिघडत नाही, पण सोलकढी म्हणजे जेवण नव्हे. गोळ्यांचा आठवडा श्रावणात आला तर सोमवार बघून तारीख चार दिवस मागेपुढे करा, किंवा उपासाची खिचडी चार घास न खाता पोटभर खा. मधल्या गोळ्या राहिल्या हे नवव्या दिवशी आठवलं म्हणून दोन दिवसांच्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. आणि दुकानदाराने "हीच आहे, कंपनी वेगळी" म्हणून दुसरी पट्टी दिली तर मिलिग्रॅम बघा. बाजारात ६५ आणि १३० चे आकडे असलेल्या वेगळ्या बनावटीच्या कॅप्सूल आहेत, त्या कमी मात्रेत जास्त शोषल्या जातात. १०० च्या जागी १३० म्हणजे थोडं जास्त, असा सरळ हिशेब तिथे नसतो.

"काडीचा फरक नाही" हे वाक्य मला महिन्यातून दहादा ऐकू येतं. एका महिन्यात पायाचं नख दीड मिलिमीटर सरकतं, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढं. फरक दिसणार कुठे? खराब झालेलं नख कधीच बरं होत नाही, ते पुढे जाऊन कापलं जातं आणि मागून चांगलं येतं. घरी एक करा. अंगठ्याच्या नखावर, जिथे चांगला भाग संपतो, तिथे कानशीने एक आडवी बारीक रेघ पाडा आणि दर महिन्याच्या एक तारखेला मोबाइलवर फोटो काढा. रेघ पुढे जाते, हे बघायचं. रेघेच्या मागचं नख गुलाबी, स्वच्छ येत असेल तर औषध लागू पडतंय. पिवळेपणा रेघ ओलांडून मागे घुसला तर नाही. आता जुलै आहे. हाताची नखं नाताळच्या गर्दीपर्यंत निवळायला हवीत. पायाच्या अंगठ्याला मात्र पुढचा शिमगा येऊन जाईल आणि त्याच्या पुढचे गणपतीही उजाडतील, बारा ते अठरा महिने धरा. शेवटची गोळी संपून वर्ष होईल तेव्हाही नख पुढेच सरकत असेल. फार जाड झालं असेल तर ४० टक्के युरियाच्या मलमाने मऊ करून घासता येतं. नख उपटून काढायला कुणी सांगितलं तर घाई करू नका, साखर असलेल्या पायावर जखम नको.

साखरेवरून आठवलं. तुमच्या नखाचा प्रश्न दिसण्यापुरता नाही. साखर असणाऱ्यांत जाड नखाखाली जखम झाली, बेचकीतून जंतू शिरले तर पाय सुजून पोटरीपर्यंत लाल होतो. पायावर कुठेही लाली, ऊब, ताप आला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

बुरशी परत येते, आणि बहुतेक वेळा घरातूनच येते. बेचक्या रोज पुसा, कापडाने, बोटागणिक. चिखल्या असतील तर क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिनचं साधं मलम लावा. स्टिरॉइड मिसळलेलं नको. गमबूट असतील तर दोन जोड ठेवून आलटून पालटून वापरा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून चुलीच्या उबेला ठेवा. जुलैत आपल्याकडे ऊन कुठलं. नेलकटर तुमचं वेगळं. हातांसाठी रबरी हातमोजे हवेत, पण आत सुती मोजे घालून. नुसत्या रबरात हात घामाने भिजतो आणि केलेलं पाण्यात जातं. नखाची सुटलेली कड काडीने कोरू नका. आणि कुणी बिब्बा लावायला सांगेल. आपल्याकडे सांगतातच. बिब्ब्याने भाजून फोड आलेली बोटं मी इतकी पाहिलीत की या एका गोष्टीवर मी पेशंटवर आवाज चढवते.

आता मनातलं जे विचारलंत ते. नाही, तुमच्या हातचं जेवून पाहुण्यांच्या नखांना बुरशी होत नाही. ती पोटातून नखात जात नाही. ती पसरते ओल्या लादीवरून, चपला-टॉवेल-नेलकटरवरून. तेव्हा काळजी घ्यायचीच तर खोल्यांच्या न्हाणीघराची घ्या. तिथली लादी रोज घासून कोरडी करा आणि तिथे अनवाणी जाऊ नका. सुजलेल्या, पू येणाऱ्या बोटाने मात्र जेवणाला हात लावायचा नाही. त्या पुवातले जिवाणू अन्नात उतरू शकतात, ती गोष्ट वेगळी. तशा दिवशी हातमोजा घाला किंवा वाढायला दुसऱ्या कुणाला सांगा.

नेलपॉलिश एखाद्या लग्नाच्या दिवशी लावा, रात्री पुसून टाका. महिनाभर ठेवाल तर खाली काय चाललंय ते तुम्हाला दिसणार नाही आणि मलाही. शिवाय डॉक्टरांनी नखावर लावायचं अमोरोल्फिनचं लॅकर जोडीला दिलं, तर ते पॉलिशवर लावून उपयोग नाही. नखं आखूड कापा. आणि वाढताना हात पदराआड नेऊ नका. पापलेटच्या तुकडीकडे बघणारा पाहुणा वाढणाऱ्याच्या नखाकडे बघत नाही, हे मी स्वतः मालवणात जेवायला बसते तेव्हाच्या अनुभवावरून सांगते.

पिशवी भरून सोमवारी डॉक्टरांकडे जा. लिव्हरच्या तपासणीला काय आलं आणि भुशात धागे दिसले का, ते मला कळवा.